सावंतवाडीची लाकडी पर्स महागड्या बाजारात न्यायची तर

सावंतवाडीच्या चितार आळीत हातरंगाची लाकडी डबी घेताना गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी घासाघीस करतं. तेच गिऱ्हाईक मुंबईच्या जिओ वर्ल्ड प्लाझात दीड लाखाच्या पर्सवरची चिठ्ठी वाचून गप्प बसतं. दोन्ही वस्तूंत हाताचं काम आहे, पण त्या पर्समागे एक व्यवस्था उभी आहे. माल किती निघणार, कुठे विकला जाणार, काय भावाने, कोणाच्या नावाने, हे सगळं एकाच्या मुठीत आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा रायगडात बसून पाच-सात माणसांच्या कारखान्यात अशी मूठ बांधता येते. त्यासाठी काय करावं लागतं आणि कुठे घसरायला होतं, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणासाठी एकच वस्तू धरली आहे: गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांच्या) धर्तीवर झाकण रंगवलेली, पितळी बिजागरीची लाकडी क्लच, म्हणजे लग्नाकार्यात हातात धरायची छोटी पेटीवजा पर्स.

आधी मोठी घराणी कशी चालतात ते बघा

लुई व्हितोंची सुरुवात १८५४ साली प्रवासी पेट्यांपासून झाली. नकला फार झाल्या म्हणून १८९६ मध्ये अक्षरं आणि फुलांचा तो प्रसिद्ध छाप आला. आज ही कंपनी आपला माल आपल्याच दुकानांतून विकते आणि सेल लावत नाही. एर्मेसची बर्किन पर्स १९८४ची. एक पर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर शिवतो आणि मागणी कितीही वाढली तरी पुरवठा कारागीर तयार होण्याच्या वेगानेच वाढतो. उलटं उदाहरण पिएर कार्दँचं. या नावाचे परवाने शेकडो उत्पादकांना दिले गेले, पेनपासून टॉवेलपर्यंत सगळ्यावर ते नाव दिसू लागलं आणि नावाचं वजन गेलं.

२०२४ साली जगभर महागड्या मालाची मागणी ढिली झाली, चीनमध्ये विशेष. एलव्हीएमएच या सगळ्यांत मोठ्या समूहाची विक्री ८६.२ अब्ज युरोंवरून ८४.७ अब्जांवर आली. केरिंग समूहातल्या गुच्चीची विक्री २३ टक्क्यांनी घसरली. त्याच वर्षी एर्मेसची मात्र वाढून १५.२ अब्ज युरोंवर गेली. बाजार सगळ्यांना एकच होता. आमच्या मते या आकड्यांतून छोट्या कारखान्याने एक गोष्ट घ्यावी: ज्याने चांगल्या दिवसांत हात आखडता ठेवला, त्याला वाईट दिवसांत माल स्वस्तात काढावा लागला नाही.

माल स्वस्तात न काढणं फुकट होत नाही. न खपलेला माल अंगावर पडतो. बर्बेरीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं २०१८ मध्ये उघड झालं, गदारोळ झाला आणि कंपनीने ती पद्धत बंद केली. युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला जुलै २०२६ पासून बंदी आहे. म्हणजे कमी बनवणं हाच मार्ग उरतो आणि तो छोट्याला मोठ्यापेक्षा सोपा आहे. पहिल्या वर्षी एका नमुन्याचे २० नग, त्याहून जास्त नकोत. नमुनेही तीनच ठेवा.

लाकूड: इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया

कोकणातली वस्तू बाहेरगावी गेल्यावर बिघडते, याचं पहिलं कारण हवा. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत उघडं लाकूड १६ ते १८ टक्के ओलावा धरून बसतं. तीच पर्स दिल्लीच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या खोलीत गेली की ओलावा ७-८ टक्क्यांवर उतरतो. १२ सेंटिमीटर रुंदीची फळी एवढ्या फरकात दोन-अडीच मिलिमीटर आकसू शकते. झाकण पिळतं, बिजागरीकडे फट दिसते आणि रंगाच्या थरात सांध्यावर केसासारखी रेघ पडते. गिऱ्हाइकाला कारण कळत नाही, त्याला फक्त सोळा हजारांची वस्तू तडकलेली दिसते.

उपाय तीन, आणि तिन्ही करायचे.

फळी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत सुकवा. थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत रचा, टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर टोकं आधी सुकून चिरतात. ओलावा मोजायचं दोन टोकांचं यंत्र दोन-अडीच हजारांत मिळतं, ते घ्या. १० टक्क्यांच्या आसपास आकडा आल्याशिवाय करवत लावू नका. जूनपूर्वी सुकलेलं लाकूड पावसाळ्यात उघडं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सीलबंद करा किंवा बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५५ टक्क्यांपर्यंत आणा.

दुसरं, झाकणाची रुंद फळी अखंड लाकडाची करू नका. चौकट आंब्याची किंवा पांगाऱ्याची ठेवा आणि मधला भाग पाण्यात टिकणाऱ्या ६ मिलिमीटरच्या प्लायवर बसवा. यात फसवणूक काहीच नाही, फक्त वर्णनात तसं लिहा. पांगारा हलका असल्याने हातात धरायच्या वस्तूला उत्तम, पण त्याला कीड फार लवकर लागते. बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्स १ ला १.५ या प्रमाणात घेऊन पाण्यात एकूण ५ टक्क्यांचं द्रावण करा, कापलेले तुकडे त्यात भिजवा आणि पुन्हा सुकवा. हे टाळलं तर सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या कपाटात लाकडाची पूड पडते.

तिसरं, आतली बाजूही बाहेरइतकीच बंद करा. बहुतेक जण आतून अस्तर चिकटवून सोडून देतात. मग लाकूड एका बाजूने ओलावा घेतं, दुसऱ्या बाजूने घेत नाही आणि पिळतं. अस्तराखाली पातळ सीलरचे दोन हात पुरतात.

रंगाच्या थराखाली चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड ही जुनी गंजिफाची रीत. आजही तिच्यासारखा गुळगुळीत पाया दुसऱ्या कशाने येत नाही. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून शिजवायचे. खळ जाड झाली तर सुकल्यावर पापुद्रा उठतो, म्हणून बोटाला लावून पाहा: तार सुटली पाहिजे, गोळा होता कामा नये. पावसाळी हवेत खळीला बुरशी येते. त्यात चिमूटभर मोरचूद घातलं की थांबते, पण मोरचूद विषारी आहे, ते भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका. थर सुकला की गुळगुळीत दगडाने घासा आणि मगच रंग.

वरच्या लॅकरची एक तक्रार इथे सर्वांना येते: फवारल्यावर पांढुरका धूर पसरल्यासारखा दिसतो. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी फवारणी करू नका. करावीच लागली तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर ५ ते १० टक्के मिसळा, थर पातळ द्या. धूर आलाच असेल तर कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या रिटार्डरचा हलका फवारा मारला की बहुधा उतरतो. खाऱ्या वाऱ्यावर पितळ काळवंडतं, त्यामुळे कडी-बिजागरीला बसवण्याआधी लॅकर द्या. लोखंडी स्क्रू एकही वापरू नका, चार महिन्यांत गंजाचा डाग रंगाखालून वर येतो.

चित्राबद्दल एक सूचना. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. त्यांत देवाच्या प्रतिमा थोड्या आणि शंख, चक्र, कमळ, परशू, कासव, मासा अशी चिन्हं भरपूर. पर्स टेबलाखाली ठेवली जाते, गाडीत पायाशी जाते. म्हणून वस्तूवर चिन्हं आणि किनारी घ्या, देवाची मूर्ती नको. रंगवणाऱ्यालाही तेच बरं वाटतं.

किंमत: खालून वर मोजा, मग वरून खाली तपासा

पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत, आपले आकडे त्या जागी घालावेत. लाकूड-प्लाय १५०, पितळी सामान आणि साखळी ४८०, अस्तर २२०, रंग-खळ-लॅकर १३०, खोका, मलमलची पिशवी आणि सिलिकाच्या पुड्या २५०. साहित्य झालं १,२३० रुपये. सुताराचा एक दिवस ९००, रंगकामाचे तीन दिवस ३,०००, जुळणी-अस्तर ४००. मजुरी ४,३००. एकूण ५,५३०.

इथे बहुतेकांचा हिशोब थांबतो आणि इथेच धंदा बुडतो. दहा नगांमागे एक तरी नापास होणार, म्हणून ५,५३० ला ०.९ ने भागा: सुमारे ६,१५०. भाडं, वीज, फोटो, मुंबईच्या फेऱ्या यांचा नगामागे वाटा ९०० धरा. खरा खर्च ७,०५० रुपये. दुकानदाराला देण्याचा भाव याच्या दुप्पट, १४,१००. तो वरचा अर्धा भाग नुसता नफा नव्हे. पुढच्या वर्षीचं लाकूड, न खपलेले नग, दुरुस्ती आणि स्वतःचा पगार त्यातूनच यायचा आहे. दुकान विक्रीच्या ४० टक्के ठेवत असेल तर दुकानातली किंमत १४,१०० भागिले ०.६, म्हणजे २३,५०० आणि वर जीएसटी.

आता वरून खाली. नवीन नावाच्या लाकडी क्लचला २३,५०० देणारं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येतं का? येत नसेल तर बहुतेक जण रोजगार कापतात. तसं करू नका. चित्र कापा. पूर्ण झाकण भरण्याऐवजी मधोमध एकच गोल आणि बारीक किनार घेतली की रंगकाम तीन दिवसांवरून एका दिवसावर येतं. एकूण ३,५३०, नापास धरून ३,९२०, वाटा मिळवून ४,८२०, दुकानाला ९,६४० आणि दुकानात सुमारे १६,१००. वस्तूही कधीकधी जास्त देखणी होते, कारण डोळ्याला थांबायला जागा मिळते.

मजुरी कापण्याबद्दल इतक्या ठामपणे सांगण्याचं कारण आहे. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओरच्या इटलीतल्या उत्पादन कंपनीवर देखरेख नेमली. उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांची पिळवणूक होत असल्याचं तपासात आढळलं होतं. २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या पर्सच्या जुळणीचे, चामडं वगळून, ५३ युरो दिले जात असल्याचं कागदपत्रांत आलं. ती देखरेख पुढे उठली, पण तो आकडा लोकांच्या लक्षात राहिला. रंगवणाऱ्याला काय मिळतं हे विचारल्यावर ज्याला मान खाली घालावी लागत नाही, त्याच्याकडे विकायला एक खरी गोष्ट असते. मजुरीचा कागद ठेवा, कोणीही मागितला तर दाखवा.

भावाचा एक नियम मोडू नका: तुमच्या फोनवरून, सावंतवाडीच्या दुकानातून आणि मुंबईच्या दुकानातून किंमत एकच. ‘गावात या, निम्म्यात देतो’ असं एकदा म्हटलं की मुंबईचं दुकान तो माल पुन्हा ठेवत नाही आणि त्याचं बरोबरच असतं.

जीएसटीचा दर ठरवताना अंदाज नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांच्या नगावर आणि चपलांच्या जोडावर ५ टक्के, त्याहून वरच्या किमतीवर १८ टक्के असा फरक आहे. पर्स आणि लाकडी वस्तूंचा दर साहित्यावर आणि ती हस्तकला म्हणून मोजली जाते की नाही यावर ठरतो. सीएकडून एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी वस्तूचा वर्गक्रमांक) लेखी घ्या आणि पहिल्या बिलापासून तोच वापरा.

नाव: कोल्हापुरीच्या प्रकरणाने काय शिकवलं

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोत कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणं दिसली आणि वर्णनात कोल्हापूरचं नावही नव्हतं. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, तेव्हा प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं कंपनीने मान्य केलं. त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: मर्यादित २,००० जोड इथल्या कारागिरांकडून, किंमत जोडीला ८०० युरोंच्या आसपास.

या गोष्टीतला कामाचा भाग मधल्या एका पायरीत आहे. उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका टिकली नाही, कारण याचिका करणारे भौगोलिक मानांकनाचे (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूलाच ते नाव लावण्याच्या हक्काचे) नोंदणीकृत मालक नव्हते. कोल्हापुरी चपलेचं मानांकन त्या दोन महामंडळांच्या नावावर आहे. बोलणी शेवटी झाली तीही त्यांच्याशीच. कागद ज्याच्या नावावर, खुर्ची त्याला.

तेव्हा दोन वेगळे कागद करायचे आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पहिला, तुमच्या ब्रँडचा ट्रेडमार्क. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये. पर्स आणि चामडी वस्तू वर्ग १८, कपडे-पादत्राणं वर्ग २५, दागिने वर्ग १४, लाकडी सामान वर्ग २०. पैसे मोजके असतील तर १८ आधी. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच नाव, तसंच ऐकू येणारं नाव, दोन्ही शोधा. नुसतं ‘कोकण’, ‘मालवणी’, ‘सावंतवाडी’ असं स्थळदर्शक नाव सहसा अडतं. अर्ज त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. तोवर नावापुढे टीएम लिहा. नोंदणी होण्याआधी वर्तुळातला आर छापणं हा गुन्हा आहे आणि खोके छापून आल्यावर ते लक्षात येणं महागात पडतं. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

दुसरा, भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता होणं. सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी कामाला मानांकन मिळालेलं आहे, पण चितार आळीत दुकान आहे म्हणून ते चिन्ह आपोआप छापता येत नाही. वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो आणि शुल्क अगदी नाममात्र आहे. अर्जाआधी नोंदणीतलं वस्तूचं वर्णन नीट वाचा. पत्त्यांचं मानांकन पर्सला लागत नाही. लाकडी कामाच्या वर्णनात तुमची क्लच, तिचं प्लायचं झाकण बसतं का, हे मालक संस्थेला लेखी विचारा. बसत नसेल तर चिन्ह न छापता ‘सावंतवाडीत रंगवलेली’ एवढंच खरं ते लिहा.

मुंबईचा डिझायनर काम घेऊन येतो तेव्हाही नावाचाच प्रश्न असतो. तो आपल्या लेबलखाली विकणार असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त तो भाव वेगळा. नमुन्याचे पैसे आगाऊ, ऑर्डरचे निम्मे आगाऊ, आणि करारात एक ओळ: हे चित्र, हा आकार इतक्या नगांपुरताच, पुढच्या नगांसाठी नवा करार. वस्तूच्या चिठ्ठीवर कारागिराचं किंवा गावाचं नाव येणार का, हेही लेखी. तोंडी ठरलेलं छापखान्यात पोचत नाही.

विकायचं कुठे आणि पैसे कधी

गिऱ्हाईक लांब आहे असं समजू नका. मांडव्याच्या जेट्टीवर उतरणारा, अलिबागजवळ बंगला असलेला मुंबईकर हा या मालाचा घरचा गिऱ्हाईक आहे. मोपा विमानतळाने गोव्याकडे येणारा पैसेवाला प्रवासी सावंतवाडीपासून हाकेच्या अंतरावर आला आहे. चांगल्या हॉटेलातलं एक छोटं कपाट, जिथे तीनच वस्तू आणि नीट प्रकाश आहे, ते प्रदर्शनातल्या मोठ्या टेबलापेक्षा बरं. प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर दीडशेची की-चेन असते आणि गिऱ्हाईक तुमची किंमत त्याच मापाने मोजतं.

बहुतेक दुकानं सुरुवातीला ‘ठेवून जा, खपलं की पैसे’ म्हणतात. वीस नग तीन ठिकाणी ठेवले तर ७,०५० च्या हिशोबाने १,४१,००० रुपये दुसऱ्याच्या कपाटात अडकले. घ्यायचंच झालं तर अटी घाला: जास्तीत जास्त ६० दिवस, दर महिन्याच्या ५ तारखेला विक्रीची यादी, सेलमध्ये लावायचं नाही, खराब झालेला नग त्यांचा. सेलची अट सर्वांत महत्त्वाची. एका दुकानाने ३० टक्के सूट लावली की तुमची खरी किंमत तीच झाली, आणि आधी पूर्ण पैसे दिलेलं गिऱ्हाईक दुखावलं.

माल विकत घेणाऱ्या दुकानांशी व्यवहारासाठी उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंद) करून ठेवा. ती फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून कायद्याने पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत मिळायला हवेत. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. एप्रिल २०२४ पासून मुदतीबाहेर थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही ओळ बिलाच्या खाली छापली की मार्चमध्ये फोन न करता पैसे येऊ लागतात.

वर्ष कसं आखायचं

बाजाराचा हंगाम आणि कोकणाचा हंगाम जुळत नाहीत, ते जुळवून घ्यावे लागतात. लग्नसराईचा माल दुकानात दसऱ्यापर्यंत हवा. पण जूनपासून गणेश चतुर्थीपर्यंत रंगाचे चांगले हात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, गुंतलेले असतात, आणि ते तिथेच असायला हवेत. त्या काळात जास्त पैसे देऊन माणूस खेचला तर गावात नाव जातं आणि रंगही घाईचा होतो. म्हणून लाकूड फेब्रुवारीत रचा आणि चौकटी, प्लाय, खळ, रंग सगळं मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका. त्यासाठी लागणारं लाकूड आदल्या वर्षी सुकवून सीलबंद केलेलं असलं पाहिजे, म्हणजे पहिलं वर्ष नुसतं तयारीचं जातं हे मान्य करा. पावसाळ्यात अस्तर, खोके, फोटो, पत्रव्यवहार. गणपती झाल्यावर फक्त शेवटचा लॅकर आणि तपासणी. शिमग्याचे दिवस वेळापत्रकात आधीच कोरे ठेवा.

बाहेरदेशी पाठवताना

आयात-निर्यात क्रमांक डीजीएफटीकडून (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाकडून) ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत केली नाही तर तो निष्क्रिय होतो आणि पार्सल विमानतळावर पडून राहतं.

साहित्याची तपासणी आधी. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात ‘क्रोमियम-६’ हा घातक प्रकार दर किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पट्टा लावणार असाल तर हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं चामडं घ्या, हा प्रश्न बराच सुटतो. निकेलचा मुलामा दिलेल्या कड्या टाळा, तिथे निकेलवरही मर्यादा आहे. शिसवीचं लाकूड वापरलंत तर ते आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत येतं. वजनाप्रमाणे कागद लागतात आणि त्यासाठी हस्तकला निर्यात परिषदेचं वृक्ष प्रमाणपत्र असतं. पहिल्या वर्षी आंबा आणि पांगाऱ्यावरच राहा. मालवणच्या किनाऱ्यावरची पोवळी आणि समुद्रपंखे सजावटीला घेण्याचा मोह अजिबात नको. ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, वाळूत सापडले असले तरी.

अमेरिकेसाठी भाव सांगण्याआधी त्या आठवड्याचं आयात शुल्क बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं जादा शुल्क एका महिन्यात २५ वरून ५० टक्क्यांवर गेलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफीही संपली. फोनवर एका भावाला ठरलेली पर्स गिऱ्हाइकाला दारात भलत्याच रकमेला पडली की ती परत येते, आणि परतीचा खर्च तुमचा. कोटेशनमध्ये ‘शुल्क खरेदीदाराचं’ किंवा ‘शुल्कासह’ यांपैकी एक शब्द हवाच.

पॅकिंग करताना पर्स मलमलच्या पिशवीत, पिशवीत ५ ग्रॅम सिलिकाच्या दोन पुड्या, पिशवी खोक्यात आणि खोक्याला बाहेरून प्लॅस्टिक. पर्स थेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर नव्या लॅकरवर त्याचा ठसा उमटतो. लॅकर मारल्यापासून किमान दहा दिवस मोकळं ठेवल्याशिवाय पॅक करू नका.

दुरुस्तीची वही

प्रत्येक नगाच्या आत, अस्तराच्या कडेला, क्रमांक घाला: वर्ष, नमुना, नग. वहीत त्यापुढे लाकडाची रास, ओलाव्याचा आकडा, रंगवणाऱ्याचं नाव, लॅकरची तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता, दुकान, गिऱ्हाईक. दोन वर्षांनी पुण्याहून झाकण तडकल्याचा फोन आला की वही उघडा. त्याच राशीचे आणखी किती नग कुठे आहेत ते कळतं आणि ते तडकण्याआधी त्यांच्या गिऱ्हाइकांना फोन करता येतो. पहिली दुरुस्ती मोफत ठेवा, जाण्या-येण्याच्या कुरियरसकट, आणि तो खर्च नगामागे २०० रुपये म्हणून आधीच त्या ९०० च्या वाट्यात बसवा. दुरुस्त होऊन परत जाणाऱ्या पर्ससोबत ज्याने ती मुळात रंगवली त्याच्याच हातची, काय दुरुस्त केलं ते सांगणारी दोन ओळींची चिठ्ठी घाला.